घरातली भरवशाची वीज आणि बायकांचे काम : नाशिक जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्यातल्या तालुक्यांत बचत गटांच्या बैठकांमध्ये विजेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. घरातून शिवणकाम, खाद्यपदार्थ, पिठाची गिरणी किंवा पार्लर चालवणाऱ्या महिला, त्यांच्या घरची माणसे आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते हे वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

घरोघरी मीटर लागले आहेत. मग आता अडचण कशाची?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये 'सौभाग्य' योजना सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत देशभरातल्या सुमारे २ कोटी ८६ लाख घरांना वीजजोडणी मिळाली. हे काम मोठे होते, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र जोडणी दिल्याची नोंद एकदाच होते आणि पुरवठा रोज व्हावा लागतो. घरातल्या विजेवर चार पैसे कमावू पाहणाऱ्या बाईच्या दृष्टीने पुरवठ्याचे चार प्रश्न आहेत : दिवसातून किती तास वीज मिळते, नेमक्या कोणत्या वेळी मिळते, तिचा दाब पुरेसा असतो का, आणि गेली तर परत केव्हा येणार हे कळते का.

आमच्या मते या चारांत शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. उद्या दुपारी दोन ते चार लाइट नसेल असे आदल्या दिवशी कळले, तर शिवणकाम करणारी बाई त्या दोन तासांत काजे-बटणे करते, हेमिंग उरकते, अस्तर आणायला बाजारात जाऊन येते. तेच दोन तास न सांगता गेले, तर ती दहा मिनिटे मशीनपुढे थांबते, मग स्वयंपाकघरात जाते, लाइट आली म्हणून परत येऊन बसते आणि पुन्हा लाइट जाते. वीज बंद असल्याचे तास दोन्ही दिवशी सारखेच असतात, पण दुसऱ्या दिवशी तिचा अख्खा दुपारचा वेळ फुकट जातो. ज्यांना २००५ नंतरचे भारनियमनाचे दिवस आठवतात, त्यांना हेही आठवत असेल की ग्रामीण भागात तासन् तास वीज नसायची, तरी वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचे आणि बायका दळण, पाणी, इस्त्री त्या वेळापत्रकाप्रमाणे लावून घ्यायच्या. आज बंद असण्याचे तास खूप कमी झाले आहेत, पण उरलेले तास अचानक येतात.

नाशिक जिल्ह्यात सगळीकडे सारखीच परिस्थिती आहे का?

नाही, आणि तालुक्यानुसार दिसणारा फरक कारणांसह समजून घेण्यासारखा आहे.

नाशिक शहर, सातपूर-अंबडचा औद्योगिक पट्टा आणि तालुक्यांची मुख्य ठिकाणे येथे पुरवठा बहुतांशी नियमित असतो. शहरातल्या तक्रारी प्रामुख्याने देखभाल-दुरुस्तीसाठी घेतलेल्या बंदच्या आणि पहिल्या पावसाच्या असतात. उन्हात तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडले की तो तडकतो आणि फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वस्त्यांकडे वीज नेणारी वाहिनी, बंद पडतो, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला वीज जास्त वेळा जाते. शाळेचे गणवेश शिवण्याचा हंगामही नेमका हाच असतो.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या घाटमाथ्याच्या तालुक्यांत पाऊस जोराचा, झाडी दाट आणि वाहिन्या लांबच लांब डोंगरातून गेलेल्या. एखादे झाड तारेवर पडले तर बिघाड शोधायलाच वायरमनला काही किलोमीटर चालावे लागते. पाड्यावरची वीज एकदा गेली की दोन-दोन दिवस येत नाही, ही तक्रार या भागातून दर पावसाळ्यात ऐकू येते.

निफाड, दिंडोरी, येवला, सिन्नर या तालुक्यांत अडचण वेगळीच आहे आणि ती बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. येथे कितीतरी कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यात, म्हणजे शेतातल्या घरात राहतात. महाराष्ट्रात गावठाण फीडर विलगीकरण झाले तेव्हा गावातल्या घरांचा पुरवठा शेतीपंपांच्या पुरवठ्यापासून वेगळा करण्यात आला आणि गावठाणाला त्याचा चांगला फायदा झाला. मळ्यातली घरे मात्र बऱ्याच ठिकाणी शेतीच्याच फीडरवर राहिली. तेथे थ्री फेज, म्हणजे शेतीपंपांना लागणारा जास्त ताकदीचा पुरवठा, ठरावीक तास असते, उरलेल्या वेळी सिंगल फेजवर दिवे आणि पंखे चालतात आणि दाब वर-खाली होत राहतो. त्यामुळे एकाच गावातल्या दोन जावांपैकी गावठाणात राहणारी घरगुती आटाचक्की चालवू शकते आणि मळ्यात राहणारी ती घेण्याचा विचारही करू शकत नाही.

विजेमुळे बाईचा नेमका कोणता वेळ वाचतो?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या सहा वर्षांवरील महिलांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्या कामांत जातात, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते, म्हणजे पाच वर्षांत फारसे काही हललेले नाही.

विजेमुळे या वेळातला मोठा वाटा पाण्याच्या कामात वाचतो, हे अनेकांना सुचत नाही. गावाची नळयोजना विहिरीवरच्या किंवा धरणावरच्या पंपावर चालते. वीज नसली की टाकी भरत नाही, टाकी भरली नाही की नळ येत नाही आणि मग हंडे घेऊन विहिरीवर जाण्याचे काम घरातल्या बाईकडे किंवा मुलीकडे येते. ग्रामपंचायतीने पाणीयोजनेचे वीजबिल थकवले आणि पुरवठा तोडला गेला, तर हे चित्र आठवडे-महिने टिकते. त्यामुळे घरात दिवा लागतो की नाही याच्याइतकेच पाणीयोजनेच्या पंपाला वीज किती वाजता मिळते, हेही विचारले पाहिजे. नळ पहाटे येणार की दुपारी, यावर त्या बाईने द्राक्षबागेत मजुरीला जायचे की नाही, हे ठरते.

त्याखालोखाल दळण, वाटण आणि कपडे. यांत वाचणारा वेळ थोडाथोडा असतो, पण रोजचा असतो.

वाचलेला वेळ आपोआप तिच्या कमाईला लागतो का?

आपोआप लागत नाही. या विषयावरच्या संशोधनात दोन्ही बाजूंचे निष्कर्ष आहेत.

अर्थतज्ज्ञ टॅरिन डिंकेलमन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे खेड्यांत वीज आल्यानंतर पाच वर्षांच्या आत महिलांच्या रोजगाराचे प्रमाण सुमारे ९ ते ९.५ टक्के-बिंदूंनी वाढल्याचे त्यांना आढळले, कारण सरपणावरचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर आला आणि बायकांचे हात मोकळे झाले. आपल्याकडे सरपणाची जागा वीज घेत नाही, ती गॅस सिलिंडर घेतो, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा नाशिकला लावता येणार नाही. दुसरीकडे, फियोना बर्लिग आणि लुईस प्रिओनास यांनी भारतातल्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेचा अभ्यास केला, तेव्हा लहान गावांत केवळ वीज आल्याने अर्थकारणात फारसा फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही.

या दोन टोकांमधली गाठ सोडवायला एक तिसरा अभ्यास उपयोगी पडतो. उज्जयंत चक्रवर्ती, मार्टिनो पेली आणि बेयझा उराल मार्चंड यांनी १९९४ ते २००५ या काळातल्या ग्रामीण भारताची आकडेवारी तपासली. नुसती जोडणी मिळालेल्या कुटुंबांचे बिगरशेती उत्पन्न सुमारे ९ टक्क्यांनी वाढले होते, तर जोडणीबरोबर पुरवठाही चांगला, म्हणजे जास्त तासांचा आणि कमी खंडांचा असेल, तेथे ही वाढ सुमारे २८.६ टक्के होती. हा अभ्यास केवळ महिलांचा नाही. तरीही घरातून चालणारी कामे बहुतांशी बायकांच्या हातात असतात, हे लक्षात घेतले तर हा फरक कोणाच्या पदरात पडतो किंवा पडत नाही, याचा अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहिली पाहिजे. घरात रात्री चांगला उजेड आला की बाईचा दिवसही लांबतो. पूर्वी अंधार पडल्यावर बाजूला ठेवले जाणारे निवडणे-टिपणे आता रात्री दहा वाजता होते. कमाईचे काम त्या वेळात करायचे असेल, तर घरातल्या इतरांनी आपली ताटे उचलणे, मुलांचा अभ्यास पाहणे, पाणी भरणे या गोष्टी अंगावर घ्याव्या लागतात. विजेची योजना हे करू शकत नाही.

अनियमित विजेचा फटका कोणत्या कामांना सर्वांत जास्त बसतो?

ज्या कामात एकदा सुरुवात केली की मध्ये थांबता येत नाही, त्या कामांना.

कुरडईचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात नाशिकच्या कितीतरी गल्ल्यांमध्ये गटाच्या महिला कुरडया, पापड, शेवया यांच्या ऑर्डर घेतात. कुरडईचा गहू तीन दिवस भिजत घालतात आणि त्याचे पाणी रोज बदलतात. तो मुरला की त्याच दिवशी वाटावा लागतो. वाटून, गाळून काढलेला चीक रात्रभर निवळायला ठेवतात, पहाटे वरचे पाणी ओतून देऊन तो शिजवतात आणि ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून मोकळ्या होतात. या साखळीतला विजेचा भाग फक्त वाटण्याचा, जेमतेम तासाभराचा असतो. तो तास संध्याकाळचा असतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळीच वळवाच्या वाऱ्याने लाइट जाते. रात्री अकराला लाइट आली तर वाटण होते, पण चीक निवळायला वेळ उरत नाही. दुसऱ्या दिवसावर ढकलावे तर गहू आंबतो, कुरडईला वास येतो आणि रंग काळपट पडतो. दहा किलो गव्हाची मेहनत अशी एका तासापायी वाया जाते आणि पुढच्या वेळी तीच बाई ऑर्डर निम्मी घेते. नुकसानीच्या हिशेबात वाया गेलेला गहू लिहिला जातो, न घेतलेली ऑर्डर कोणीच लिहीत नाही. आमच्या दृष्टीने या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत न दिसणारी हानी आहे.

इडली-डोशाचे पीठ, पनीर, श्रीखंड अशा नाशवंत मालाचे गणित फ्रीजवर असते. वीज गेल्यावर दार न उघडल्यास फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो आणि गच्च भरलेला डीप फ्रीजर सुमारे दोन दिवस माल टिकवतो, अर्धा भरलेला असल्यास एक दिवस. म्हणून मोकळ्या राहिलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात.

येवल्याची पैठणी हातमागावर विणली जाते आणि मागाला वीज लागत नाही, म्हणून हे काम विजेपासून सुटलेले आहे, असे वाटू शकते. पण रेशमाच्या छटा पारखायला, बुट्ट्यांमधला एकेक धागा उचलायला स्थिर उजेड लागतो. मागावर बसलेला विणकर आणि त्याला कांड्या भरून देणाऱ्या घरातल्या बायका या दोघांचाही दिवस उजेडाबरोबर लांबतो किंवा आखडतो. मालेगावात यंत्रमाग विजेवरच असल्याने तेथे खंड म्हणजे सरळ मजुरीत कपात.

लाइट असते, पण मिक्सर संथ फिरतो आणि गिरणीची मोटर तापते. असे का होते?

हा कमी दाबाचा प्रश्न आहे. घरात २३० व्होल्ट अपेक्षित असतात. रोहित्रावर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो त्यावर, क्षमतेपेक्षा जास्त भार आला किंवा आपले घर डीपीपासून फार लांब, बारीक तारेच्या टोकाला असले, तर संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंतही खाली येतो.

गिरणी, पाण्याची मोटर आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर यांच्या मोटरींची ताकद दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात कमी होते, त्यामुळे १८० व्होल्टला ती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. दळण तेवढेच असते, म्हणून मोटर जास्त करंट ओढते, गुंडाळी तापते आणि शेवटी जळते. मिक्सर किंवा शिलाई मशीनची छोटी मोटर जळण्याऐवजी बहुधा संथ होते, पण बाईचा वेळ त्यातही जातोच. मोटर रिवाइंड करून आणण्याचा खर्च घरगुती गिरणीची काही आठवड्यांची कमाई खाऊन टाकतो. म्हणून गिरणीला कमी दाबाला आपोआप बंद होणारा स्टार्टर बसवावा आणि शक्यतो सायंकाळी सहा ते दहा या गर्दीच्या वेळात दळण घेऊ नये. स्टॅबिलायझर फ्रीजला उपयोगी पडतो, मात्र डीपीच अपुरी असेल तर घराघरांतले स्टॅबिलायझर तारेवरचा भार आणखी वाढवतात. त्यावरचा खरा उपाय डीपीची क्षमता वाढवणे हाच आहे आणि तो सगळ्या वस्तीने मिळून मागावा लागतो.

घरातून चालणाऱ्या कामाला साधारण किती युनिट लागतात?

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. शिलाई मशीनची १०० वॅटची मोटर रोज सहा तास, महिन्यातले २५ दिवस चालली तर १५ युनिट पडतात. त्याच वेळात ९ वॅटचा एलईडी दिवा दीड युनिटही खात नाही, मात्र ७५० वॅटची इस्त्री रोज तासभर तापवली तर १९ युनिट होतात. एक अश्वशक्तीची घरगुती आटाचक्की रोज चार तास चालवल्यास महिन्याला ७५ ते ९० युनिट धरावेत.

घरात व्यवसाय केला की व्यावसायिक दराने बिल येईल, अशी भीती घातली जाते. ती खरी आहे का?

या भीतीपायी अनेक जणी पाटी लावत नाहीत, कर्जासाठी अर्ज करत नाहीत आणि मीटर तपासायला कोणी आले की मशीनवर चादर टाकतात. म्हणून हे नीट समजून घ्यावे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या दर-आदेशांत अशी तरतूद आहे की, राहत्या घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू राहतो. वरच्या हिशेबाप्रमाणे शिवणकाम, पिको-फॉल, पार्लर किंवा लहान खाद्यपदार्थांचे काम या मर्यादेत सहज बसते. वर्षाची मर्यादा ओलांडली तर पूर्वसूचना देऊन दर बदलता येतो. पिठाची आणि मसाल्याची गिरणी स्वतंत्र जोडणीवर चालवायची असेल, तर ती औद्योगिक वर्गात मोडते, व्यावसायिक वर्गात नाही, हेही अर्ज करताना पाहावे. दर-आदेश वेळोवेळी बदलतात, त्यामुळे चालू आदेशातला लघुदाब घरगुती वर्गाचा परिच्छेद छापून जवळ ठेवणे चांगले.

मीटर सासऱ्यांच्या किंवा घरमालकाच्या नावावर आहे. त्याने काय बिघडते?

रोजच्या वापरात काही बिघडत नाही, पण दोन ठिकाणी अडते.

पहिले म्हणजे माहिती. 'विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२०' नुसार नियोजित बंदची माहिती ग्राहकाला आधी द्यायची असते आणि अचानक बिघाड झाल्यास पुरवठा सुरू होण्याच्या अंदाजित वेळेसह एसएमएस किंवा तत्सम मार्गाने ताबडतोब कळवायचे असते. हा एसएमएस मीटरशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल बहुतेक घरांत नवऱ्याचा, सासऱ्यांचा किंवा दुसऱ्या शहरात राहणाऱ्या घरमालकाचा असतो. दुपारी दोन ते चार लाइट नाही, हे कंपनीत ड्यूटीवर असलेल्या नवऱ्याला कळते आणि घरी मशीनवर बसलेल्या बाईला कळत नाही. नोंदवलेला क्रमांक बदलणे हे महावितरणच्या ॲपवरून किंवा कार्यालयातून होणारे छोटे काम आहे. घरून काम करणाऱ्या प्रत्येकीने ते आधी करून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

दुसरे म्हणजे नवी जोडणी. 'विद्युत अधिनियम, २००३' च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ती जागा वापरणारी व्यक्ती, दोघांपैकी कोणीही वीज मागू शकते. म्हणजे भाडेकरू महिला, माहेरी परतलेली मुलगी किंवा एकटी राहणारी बाई स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. मालकी नाही म्हणून अर्जच घेणार नाही, असे तोंडी सांगितले गेले, तर नकाराचे कारण लेखी मागावे. तसेच थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग मीटर कोणाच्याही नावावर असो.

शेतीला रात्री वीज मिळते, त्याचा बायकांच्या कामाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. शेतीपंपांना बऱ्याच ठिकाणी थ्री फेज आलटून पालटून दिवसपाळी आणि रात्रपाळीने मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात पुरुष मध्यरात्री पाणी भरायला जातो, कित्येक घरांत बॅटरी धरायला बाईही सोबत जाते. निफाड आणि सिन्नरच्या गोदाकाठी, उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे एकट्याला पाठवायला कोणी धजत नाही. ज्या घरातली बाई पुरुषाअभावी स्वतःच शेती पाहते, तिची तर झोपच त्या वेळापत्रकाला बांधलेली असते. सकाळी ती द्राक्षांच्या पॅकहाउसला किंवा शिवणवर्गाला वेळेवर पोहोचेल, ही अपेक्षा मग धरता येत नाही.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे काम २०१७ पासून चालू आहे आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून वैयक्तिक पंपही मिळतात. या योजनांचे यश मोजताना किती मेगावॅट बसवले, याबरोबरच किती घरांची रात्रपाळी बंद झाली, हेही मोजले जावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

इन्व्हर्टर घ्यावा की छतावर सौर पॅनेल बसवावे?

येथे एक गैरसमज सर्वत्र आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्याने बिल नक्की कमी होते. मात्र बॅटरीशिवायचा, ग्रिडला म्हणजे बाहेरच्या वीजवाहिनीला जोडलेला संच बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरची वीज लागू नये, म्हणून तशी सुरक्षिततेची अटच आहे. त्यामुळे लाइट गेल्यावर भर उन्हातही तो संच शिलाई मशीन चालवणार नाही. खंडावर उपाय हवा असेल तर बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा बॅटरीसह सौर संच लागतो आणि तो महाग पडतो.

शिवणकाम करणाऱ्या एकटीसाठी आमची शिफारस साधी आहे : मशीन, एक दिवा आणि एक पंखा चालेल एवढाच छोटा इन्व्हर्टर घ्यावा. त्यावर इस्त्री, गिरणी लावू नये. आणि मशीनचा पायंडल काढून टाकू नये, मोटर बसवल्यावरही तो जागेवर राहू द्यावा.

मुलींच्या शिक्षणावर परिणाम होतो का?

होतो, आणि बऱ्याचदा तो दिव्यामुळे कमी व पाण्यामुळे जास्त होतो. नळ आला नाही की शाळा बुडवून पाणी भरणारी मुलगीच असते. मोबाइल चार्ज नसल्यामुळे अडणारा अभ्यास ही पाड्यांवरची नवी अडचण आहे. तीच अडचण आपल्या नोंदी मोबाइलवर भरणाऱ्या अंगणवाडी सेविकांनाही येते.

घराबाहेरच्या नोकरीसाठी घरातल्या विजेचा काही उपयोग आहे का?

द्राक्षांच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसमध्ये प्रतवारीच्या आणि पॅकिंगच्या कामावर महिला मोठ्या संख्येने असतात. सकाळी लवकर घरातून निघायचे तर डबा, पाणी आणि मुलांची शाळा हे सगळे त्याआधी उरकावे लागते, म्हणून पहाटेची वीज येथे निर्णायक ठरते. संध्याकाळी गाडी फाट्यावर सोडते, तेथून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे असले तर घरचे लोक उशिराच्या पाळीला हरकत घेत नाहीत. ग्रामपंचायतीचे बंद पडलेले पथदिवे हा म्हणूनच नोकरीचा प्रश्न आहे आणि ग्रामसभेत तो तसाच मांडावा.

वीज वारंवार जाते. तक्रार कुठे आणि कशी करावी?

प्रथम १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. वायरमनला ओळखीने फोन केला तर काम लवकर होते, हे खरे आहे, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही आणि नोंद नसली की त्या डीपीला तक्रारच नाही, असे कागदावर दिसते. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर नियामक आयोगाच्या कृती-मानकांनुसार, म्हणजे सेवेच्या मुदती ठरवणाऱ्या नियमांनुसार, भरपाई मागता येते. शहरी आणि ग्रामीण भागासाठी मुदती वेगळ्या आहेत. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, तेथे वकील लागत नाही, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपालांकडे.

एकटीच्या तक्रारीपेक्षा गटाची तक्रार जास्त ऐकली जाते. त्यासाठी एकाच डीपीवरच्या सात-आठ घरांनी मिळून एक वही ठेवावी. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि काय नुकसान झाले, एवढे चार रकाने पुरतात. पुण्यातील 'प्रयास' ऊर्जा गटाने घराघरांत यंत्रे बसवून विजेच्या दाबाच्या मिनिटामिनिटाच्या नोंदी ठेवल्या आणि पुरवठ्याविषयीची चर्चा आकड्यांवर आणली. आपल्याकडे यंत्र नसले तरी वही असू शकते. कमी दाबाची तक्रार असेल तर स्टॅबिलायझरवरचा आकडा सकाळी, दुपारी आणि रात्री आठला त्यात टिपावा. महिनाभराची अशी वही अर्जाला जोडताना तिची छायाप्रत द्यावी, मूळ वही गटाकडेच ठेवावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का व तारीख घ्यायला विसरू नये.